चिलखतात अंडी घालणार कुठून?

नमस्कार काका,

“भुंगेऱ्याची पाठ म्हणजे चिलखत. माशी त्यात अंडी घालणार कुठून? ऐकीव गोष्टी छापू नका. आणि स्वच्छतेत पहिल्या आलेल्या इंदुरात बसून माश्यांचे गोडवे कसले गाता?” भुंगेऱ्याच्या पाठीत अंडी घालणाऱ्या माशीवर मी जे लिहिलं, त्यावर अशी तुमची प्रतिक्रिया.

आधी स्वच्छतेचं. ही उकिरड्यावरची माशी नव्हे. पायरगोटिडी कुळातली, फळमाशीच्या भाऊबंदकीतली, आणि बहुतेक रात्री हिंडणारी. आपल्या कचरागाडीशी तिचं काही घेणंदेणं नाही.

चिलखताची शंका मात्र रास्त आहे, आणि उत्तरही तिच्यातच आहे. भुंगेरा बसलेला असतो तेव्हा पाठ पक्की झाकलेली. पण उडायचं तर वरचे टणक पंख उचलावेच लागतात, आणि त्यांच्याखाली पोटाची पाठ अगदी मऊ. माशीची मादी नेमकी तेव्हाच गाठते: उडत्या भुंगेऱ्याच्या पाठीवर झडप घालायची आणि टोकदार अंडनलिका तिथे खुपसायची. अळी त्याला आतून खाते, तो मरतो, आणि त्याच्याच कलेवरात ती कोष करते.

हे शेवटचं मी पाहिलंय. मृगाच्या पहिल्या पावसानंतर आमच्या ओसरीतल्या ट्यूबलाइटखाली भुंगेऱ्यांचा सडा पडतो. त्यातला एक मेलेला उचलून बरणीत ठेवला होता. काही दिवसांनी सुईने पोट उकललं, तर आतडी-बितडी काही नाही. चिंचोक्यासारखा तकतकीत तपकिरी कोष तेवढा आत ठासून बसलेला. (सुई शिवणाच्या डब्यातली होती. त्यावरून घरात जे झालं ते वेगळं.)

आणि चिलखत तरी कुठे अभेद्य असतं? जपानी भुंगेऱ्यावरची एक माशी, वेगळ्या कुळातली, त्याच्या मानेमागच्या कडक ढालीवरच पांढरं अंडं चिकटवते. अळी खालून ती ढाल पोखरून आत शिरते. तीच माशी 1920 च्या दशकात अमेरिकेत मुद्दाम नेऊन सोडली होती.

एका ठिकाणी मात्र मी चुकलो, आणि ते तुमच्याही नजरेतून सुटलं. आमच्या या पायरगोटिडी माशीला ‘सोयाबीनची राखणदार’ असं मी लिहिलं होतं. मुळं कुरतडते ती हुमणी, म्हणजे भुंगेऱ्याची मातीतली अळी. आमची माशी धरते वयात आलेल्या भुंगेऱ्याला. भुंगेऱ्याच्या मादीने त्याआधीच मातीत अंडी घातली असतील, तर त्या हंगामाची हुमणी काही टळत नाही. ते वाक्य काल रात्री काढून टाकलं.