‘चुकीच्या मापाचा क्रॉस दिला’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा एका स्टारचा रिव्ह्यू वाचला. टोमॅटोच्या सीझनमध्ये भरलेली गाडी वाटेतून माघारी आणावी लागणं म्हणजे काय, हे नारायणगावात दुकान चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. काउंटरवर चार माणसांत आवाज चढला, तोही चढायला नको होता. दोन्ही बाजूंनी चढला, पण असो.

मात्र ‘चुकीच्या मापाचा क्रॉस गळ्यात मारला’ हे जे लिहिलंत, ते गिळता येत नाही.

तुम्ही टाटा ४०७ टेम्पोच्या शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा, जुना क्रॉस घेऊन आलात. क्रॉस म्हणजे त्या शाफ्टच्या सांध्यातला अधिक-चिन्हासारखा पार्ट, चारही टोकांवर टोपणासारखे कप असलेला. बॉक्सवरच्या नंबरावर आम्ही कधीच जात नाही, कारण जुन्या गाडीत आधीच्या मालकाने कुठला शाफ्ट चढवलाय ते त्यालाच ठाऊक. म्हणून तुमच्यासमोर व्हर्नियर लावला. कपाचा बाहेरचा व्यास मोजला, समोरासमोरच्या कपांची लांबी मोजली, नवा क्रॉस काढून तोही मोजला. तुम्ही तेव्हा फोनवर होतात, म्हणून कदाचित लक्षात नसेल. त्याच मापाचे दोन क्रॉस तुम्ही नेलेत. त्यातला गिअरबॉक्सकडचा सुरळीत बसला. मागच्या क्रॉसचेही तीन कप बसले. चौथाच तेवढा बसेना. आता माप चुकलं असतं, तर सात कप बसले कसे, हे तुम्हीच सांगा.

तो कप तुम्ही परत आणलात तेव्हा मी टेबलावर उघडला. आत ग्रीस पुसून बघितलं, तर कडेच्या रांगेतली एक निडल (कपातली सुईसारखी बारीक सळई) निसटून तळाला आडवी पडलेली, मधोमध वाकलेली. बाहेर कपाच्या तोंडावर हातोड्याचे चंद्रकोरीसारखे वण. घरी काम करताना हे हमखास होतं. कप जरा तिरका धरला किंवा ठोकताना दणका बसला की निडल सुटते, कप तेवढ्या जाडीने वर राहतो आणि लॉकची, म्हणजे कप जागेवर धरणाऱ्या कडीची, खाच उघडी पडतच नाही. अशा वेळी कप बाहेर काढून बघायचं असतं. तुमच्या पोरांनी घण घातला आणि लॉक अर्धवट अडकवून गाडी भरली. माळशेजच्या अलीकडे खडखड सुरू झाली म्हणून वाचलात. लॉक उडून घाटात शाफ्ट खाली आला असता, तर टोमॅटोचा हिशोब कुणी करत बसलं नसतं.

घरी काम करू नका, असं मी कधीच म्हणत नाही. अर्धा तालुका अंगणातच गाडी खोलतो, आणि आमचा धंदाही त्यावरच चालतो. फक्त व्हाइस घ्या, एका बाजूला कपापेक्षा लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला मोठा, आणि दाबून बसवा. क्रॉसचा दांडा आधी कपात शिरलेला हवा, म्हणजे निडल जागा सोडत नाहीत. बसल्यावर क्रॉस हाताने फिरला पाहिजे. आखडला असेल तर योकच्या (क्रॉस ज्यात बसतो त्या दोन कानांच्या तुकड्याच्या) कानावर हलका ठोका द्यायचा, कपावर नाही. आणि शाफ्ट काढण्याआधी चाकांना दगड लावा. शाफ्ट निघाला की गाडी गिअरमध्ये ठेवून काही उपयोग नसतो.

शाफ्ट सोडताना स्लिप जॉइंटवर, म्हणजे शाफ्टचे दोन भाग एकात एक सरकतात त्या जोडावर, खूण केली होती का, हे मी विचारलं तर तुम्ही हसलात. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. एका क्रॉसमुळे शाफ्टच्या फिरण्यात जो कमीजास्तपणा येतो, तो दुसरा क्रॉस भरून काढतो, पण दोन्ही योक एका रेषेत असतील तरच. त्या जोडातल्या स्प्लाइनचे (लांब खाचांचे) दात चुकले की नवे क्रॉस घालूनही गाडी थरथरते, आणि बोल लागतो पार्टवाल्याला.

किमतीबद्दल जे लिहिलंत ते सोडून देतो. ठोकून बसवलेला माल परत घेत नाही, हे बिलावर छापलेलं आहे; आमच्याकडूनही वरचा डीलर घेत नाही. परत घेतला तर तो तोटा माझ्या खिशातून जातो, आणि खिसा फार खोल नाही. बायपासला मोठी दुकानं झालीत, पोरं फोनवर स्टार बघूनच गाडी वळवतात. वडिलांपासून या काउंटरवर बसतोय. डुप्लिकेट माल विकून इतकी वर्षं त्याच गावात तोंड दाखवता येत नाही, दादा.

यापुढे क्रॉस देताना माप बिलावर लिहून द्यायचा विचार आहे. बसवण्याबद्दल एखादा कागदही भिंतीला लावू, सीझन संपला की. कामगारांनाही नीट बोलायला सांगितलं आहे.

तो कप आणि वाकलेली निडल मी ठेवली आहे, कधीही या, बघा. येताना शाफ्ट घेऊन या. घणाने योकचा कान वाकला असेल तर दुसरा क्रॉसही टिकणार नाही, ते आधी तपासू. तपासायचे पैसे घेणार नाही. नवा क्रॉस लागला तर खरेदीच्या भावात देतो. सोमवारी दुकान बंद असतं.