कूगर आणि कुत्र्यांच्या व्हिडिओबद्दल खुलासा

झाडावर चढलेला कूगर (अमेरिकेतला मांजरकुळातला मोठा जंगली प्राणी) आणि बुंध्याशी भुंकणारे कुत्रे, असा एक व्हिडिओ सध्या फिरतोय. सोबतचा मजकूर सांगतो: ‘दांडगा कुत्रा पाळा, तो कूगरला फाडतो; अमेरिकेत याला सगळीकडे परवानगी आहे.’ दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

या कुत्र्यांचं काम फाडणं नव्हे, माग काढणं. ट्रीइंग वॉकर, ब्लूटिक, प्लॉट या जाती नाकासाठी, दमासाठी आणि आवाजासाठी जोपासल्या आहेत. बर्फात ताजा ठसा दिसला की कुत्रे सोडतात. कूगर झाडावर चढतो, कुत्रे खाली भुंकत राहतात आणि त्या आवाजावर माणूस पोहोचतो. अंगावर गेलेला कुत्रा कूगरच्या पंजाखाली सहज मरतो. म्हणूनच नवखे लोक पिल्लाला अनुभवी कुत्र्याबरोबर नेतात. हरणाच्या वासामागे धावायचं नाही, हा धडा सगळ्यात अवघड असतो. संशोधकही असेच कुत्रे वापरून कूगरला बेशुद्ध करतात आणि रेडिओ कॉलर लावतात. व्हिडिओतला प्रत्येक प्रसंग शिकारीचाच असेल असं नाही.

आता कायदा. कॅलिफोर्नियात 1990 पासून हौशी कूगर-शिकारीलाच बंदी आहे. ओरेगॉनने 1994 मध्ये आणि वॉशिंग्टन राज्याने 1996 मध्ये मतदानाने कुत्र्यांसह शिकार थांबवली. आयडाहो, मोंटाना, युटात ती चालते, पण नियमांत राहून. आयडाहोत ठिपकेदार पिल्लं सोबत असलेल्या मादीला मारता येत नाही.

हा व्हिडिओ बघून आपल्याकडे कुणी बिबट्यामागे कुत्रे सोडू नयेत, ही कळकळीची विनंती. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गंभीर गुन्हा आहे.