सक्शन जास्त म्हणजे भराव भरवशाचा?

सक्शन म्हणजे अर्धवट ओल्या मातीतील पाण्याची कणांना धरून ठेवणारी ओढ. ‘सक्शन जितके जास्त तितकी माती कमी दबते, म्हणून कोरड्या बाजूला ठोकलेला भराव अधिक भरवशाचा’ या, मातीच्या भरावावरील एका लेखातल्या, विधानाचा पूर्वार्ध बहुतांशी मान्य होण्यासारखा असला, तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष मला धोकादायक वाटतो. सक्शनमुळे मातीचा यील्ड स्ट्रेस (ज्या ताणापलीकडे ती कायमची दबू लागते तो) वाढतो आणि त्या मर्यादेपर्यंत ती ताठ राहते, हे खरे. परंतु ही ताकद पाण्याने उसनी दिलेली असते. ऑप्टिममपेक्षा (ठोकून माती सर्वांत घट्ट बसते त्या ओलाव्यापेक्षा) कमी ओलाव्यावर, म्हणजेच कोरड्या बाजूला, ठोकलेल्या चिकणमातीत कणांचे गोळे आणि त्यांमधील मोठ्या पोकळ्या तशाच राहतात; पाणी शिरून सक्शन उतरले की भार तोच असूनही ती रचना ढासळते. इडोमीटरमध्ये (कड्यात बसवलेली माती भाराखाली किती दबते ते मोजणाऱ्या उपकरणात) भाराखाली स्थिरावलेल्या नमुन्यात पाणी सोडल्यावर डायलचा काटा ज्या वेगाने सरकू लागतो, तो मी प्रयोगशाळेत अनेकदा पाहिला आहे. तोच नमुना हलक्या भाराखाली मात्र फुगू शकतो, याचा लेखात उल्लेखही नाही.

यील्डनंतर वाढत्या भाराखाली माती किती दबते ते दाखवणाऱ्या वक्राच्या उताराबाबतही इतके ठाम बोलता येत नाही. अलोन्सो, जेन्स आणि होसा या संशोधकांच्या अर्धवट ओल्या मातीसाठीच्या 1990 च्या प्रारूपात सक्शन वाढले की हा उतार कमी होतो. पण व्हीलर आणि शिवकुमार यांना 1995 मध्ये ठोकलेल्या केओलिनवर (एक पांढरी चिकणमाती) याच्या उलट कल दिसला. निदान जेनिंग्स आणि नाइट यांच्या दुहेरी इडोमीटर चाचणीचे, म्हणजे कोरड्या व भिजवलेल्या जोडनमुन्यांचे, वक्र लेखात शेजारी शेजारी द्यायला हवे होते.