"उचलून घेऊ की!"

आज बँकेच्या दारात ताईची व्हीलचेअर अडली आणि वॉचमनदादा हसतमुखाने म्हणाले, "काळजी नको, चौघं मिळून उचलून घेऊ की!" तेव्हापासून डोकं फिरलंय.

तीन पायऱ्या, म्हणजे साधारण दीड फूट उंची. एकास बारा उतार (एक फूट उंचीला बारा फूट लांबी) धरला तर रॅम्प अठरा फूट लांब हवा. इथे जेमतेम पाच फुटांची घसरगुंडी! वर गुळगुळीत ग्रॅनाइट, कठडा नाही आणि पायथ्याशी कुणाची तरी स्कूटर.

उचलणारी माणसं चांगलीच असतात, नाही कोण म्हणतंय? पण काखेत परक्या पुरुषांचे हात, ड्रेस गुडघ्यापर्यंत सरकलेला, रांगेतली माणसं बघतायत, आणि वर 'थँक्यू' आपणच म्हणायचं. आली होती बिचारी लॉकरच्या करारावर सही करायला.

इमारत कोरी आहे हो! अजून रंगाचा वास येतो. 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात कलम 44 स्वच्छ सांगतं की सुगम्यतेचे नियम पाळल्याशिवाय पूर्णत्वाचा दाखला द्यायचाच नाही. मग दिला कुणी? रॅम्पला टेप लावून बघितली का कुणी? जुन्या सार्वजनिक इमारतींना पाच वर्षं दिली होती, ती मुदतही 2022 मध्ये संपली. मापं म्हणजे नुसत्या सूचना, असं समजून सगळे निवांत. शेवटी नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने या कायद्याखालच्या नियमावलीतला नियम 15(1), ज्यामुळे मापं नुसत्या सूचना ठरत होत्या, तोच रद्द केला आणि केंद्राला सांगितलं, तीन महिन्यांत बंधनकारक नियम करा. कोर्टाने सांगावं लागतं हे!

पेठेतल्या जुन्या वाड्यात अठरा फूट कुठून आणणार, हे कबूल. पण ही सबब नव्या इमारतीने सांगू नये.

मॅनेजर कागद घेऊन खाली आले, ताईने रस्त्यावरच मांडीवर ठेवून सही केली. लॉकर मात्र वरच राहिला. आईच्या पाटल्या आहेत त्यात, तिला त्या आज बघायच्या होत्या. मी आवाज चढवला तर मलाच म्हणते, "ओरडू नकोस गं, पुढच्या वेळी मला यांच्याच दारात यायचंय."

मित्रयादीतल्या आर्किटेक्ट, बिल्डर आणि सोसायटीच्या सेक्रेटरी मंडळींनो, उद्या आपापला रॅम्प मोजा. उंची किती, लांबी किती, खाली लिहा. आणि 'आमच्याकडे कुणी व्हीलचेअरवालं येतच नाही' असं लिहिणार असाल, तर ते का येत नाही तेही लिहा.