काकीचो आवाज खंय गेलो?

"सरकारी बातम्या त्या, सरकारचंच सांगणार ना!" हे वाक्य मला आता ऐकवत नाही. एसटीत ऐकतो, बंदरावर ऐकतो, चांगली शिकलीसवरलेली माणसं हात झटकून बोलतात आणि विषय तिथेच संपतो. का संपतो? सरकारचं कौतुक सांगायला सरकारकडे माहिती खातं आहे, पानपानभर जाहिराती आहेत, नाक्यानाक्यावर बॅनर आहेत. बातम्या त्यासाठी नाहीत. आकाशवाणी आणि दूरदर्शन, म्हणजे रेडिओ आणि टीव्हीचं हे सार्वजनिक प्रसारण, आपल्या करातून चालतं आणि कुठल्याही मंत्र्याचं ते खाजगी नाही. हे माझं मत नाही, हा कायदा आहे. संसदेने १९९० साली हे प्रसारण चालवणाऱ्या प्रसार भारती या संस्थेचा कायदा केला, सात वर्षं तो कपाटात पडून राहिला आणि १९९७ साली लागू झाला. त्याचं कलम १२ कोणीही काढून वाचावं. नागरिकाला मोकळी, खरी आणि निःपक्ष माहिती मिळण्याचा हक्क जपणं, वेगवेगळी आणि एकमेकांविरुद्धची मतंही समतोल ठेवून देणं, स्वतःचं कुठलंही मत किंवा विचारसरणी न रेटणं, हे तिथे कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. त्याआधी १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की प्रसारणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. मग "सरकारी आहे, चालायचंच" असं आपण कोणत्या तोंडाने म्हणतो?

आणि मुंबई-पुण्याच्या लोकांनी मला "बघू नका मग, दुसरं लावा" असं सांगू नये. आमच्या सिंधुदुर्गात डोंगराच्या घळीत बसलेल्या वाड्या आहेत, तिथे मोबाइलला एक दांडी मिळवायला सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, चढावं लागतं. केबल तिथे पोचलेली नाही. घरावर दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री, कारण तिला महिन्याचे पैसे पडत नाहीत, आणि माजघरात रेडिओ. म्हाताऱ्या माणसांचं जग या दोन वस्तूंतून घरात येतं. होडीवरसुद्धा रेडिओ असतो. "मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये" हे वाक्य त्या आवाजात आलं की चालू हंगामात, हातातोंडाशी आलेली मासळी सोडून होड्या परत फिरतात. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ आलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं. दोन्ही वेळा आमच्या घरात माणसं रेडिओला कान लावून बसली होती. त्या आवाजावर आमच्या माणसांनी जीव ठेवला आहे. वादळाचं खरं सांगणारा आवाज राजकारणाचंही खरंच सांगत असणार, असं माझी आई धरून चालते. तिचं काय चुकलं? तिच्या या विश्वासाचा कोणीतरी पद्धतशीर वापर करतंय, आणि माझा राग त्याचा आहे.

आमच्या गावाची गोष्ट सांगतो. किनाऱ्यावर धूपप्रतिबंधक बंधारा झाला. उद्घाटनाला कॅमेरा होता, नारळ फोडताना मंत्री दिसले, भाषण दिसलं, हार दिसले. ठीक आहे, काम झालं तर दाखवावं. पुढच्या पावसात उधाणाने बंधाऱ्याचे दगड सरकले, मधोमध भगदाड पडलं, पाणी थेट माडांच्या बागेत शिरलं. भरतीच्या रेषेला लागून असलेल्या घरांच्या विहिरी खारट झाल्या. तेव्हा कॅमेरा आला नाही. कळवलं, फोन केले, कोणी फिरकलं नाही. पाऊस सरल्यावर मंत्री "पाहणी"ला येणार असं ठरलं, आणि बरोबर त्या दिवशी कॅमेरा हजर.

आमच्या शेजारच्या काकीला त्यांनी बोलायला सांगितलं. काकीने काही शिव्या दिल्या नाहीत, आरडाओरडा केला नाही. पदर खोचून ती सरळ उभी राहिली आणि आडव्या पडलेल्या माडाकडे बोट करून सांगितलं की हो माड माझ्या सासऱ्यान लावललो, विहिरीचा पाणी आता गुरांका पण पाजूक येत नाय, दगड बारके घातले तेव्हाच आमी सांगितललां, कोणी ऐकूक नाय. सगळं स्वच्छ, एका दमात. पोरगा कॅमेरा घेऊन शेवटपर्यंत उभा होता. काकीला वाटलं, चला, वरपर्यंत पोचलं.

संध्याकाळी अख्खी वाडी टीव्हीसमोर. काकी पडद्यावर आली. तोंड हलतंय, हात माडाकडे. आणि वरून निवेदिकेचा आवाज: बंधाऱ्याच्या मजबुतीकरणासाठी निधी देण्याची घोषणा मंत्र्यांनी केली, ग्रामस्थांनी समाधान व्यक्त केले. पडलेला माड चौकटीत नव्हताच. काकी झालेलं काम कौतुकाने दाखवतेय असं वाटावं, इतका व्यवस्थित कापलेला तुकडा. काकी आधी हसली, तिला वाटलं आवाज मागाहून येईल. बातमी पुढे सरकली. मग ती म्हणाली, "माझा तोंड हलता हा, पण आवाज खंय गेलो माझो?"

कोणाकडेच उत्तर नव्हतं. काकी त्यानंतर कितीतरी दिवस लोकांना सांगत फिरली की मी तसा नाय बोललंय. एका बाईला स्वतःच्या वाडीत, स्वतःच्या माणसांना खुलासे देत फिरावं लागलं, कारण तिचं तोंड दुसऱ्याच्या वाक्याखाली चिकटवलं गेलं. मी लेखी तक्रार पाठवली. उत्तर नाही.

यात एकही शब्द धडधडीत खोटा नव्हता, हे लक्षात घ्या. निधीची घोषणा झालीच होती. समाधानही दोघा-चौघांनी, मंत्र्यांच्या मागेपुढे करणाऱ्यांनी, व्यक्त केलं असेल. पक्षपात असाच होतो. कोणाला आधी दाखवायचं, कोणाचा आवाज ठेवायचा, कोणाचं नुसतं चित्र वापरायचं, कुठे कापायचं. विरोध करणारे कायम "काही ग्रामस्थ". त्यांना नाव नाही, गाव नाही. पाठिंबा देणारे मात्र नावानिशी, पदानिशी, पूर्ण वाक्यात. एप्रिल २०२३ मध्ये राजापूर तालुक्यात बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती तपासणी सुरू झाली. भर उन्हात बायका रस्त्यावर आडव्या पडल्या, पुढे पोलिसांनी अश्रुधूर सोडला. रिफायनरी हवी की नको यावर कोकणात दोन मतं आहेत, माझ्या घरातही आहेत. पण ज्याचा कातळ जाणार आहे, ज्याची आंब्याची कलमं तिथे उभी आहेत, त्याला मिनिटभर माइक द्यायला काय हरकत होती? माझ्या कानावर येत राहिली ती अधिकाऱ्यांची निवेदनं. बाकी सगळं आम्ही एकमेकांना पाठवलेल्या मोबाइलच्या क्लिपांवर पाहिलं.

मालवणच्या पुतळ्याचं तर बोलूच नये असं वाटतं, पण बोलतो. ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिनी तिथल्या राजकोट किल्ल्यावर शिवरायांचा पुतळा पंतप्रधानांच्या हस्ते उभा राहिला. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. नऊ महिनेही पुरते झाले नव्हते. तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी सांगितलं, ताशी ४५ किलोमीटर वेगाने वारा वाहत होता. आता मला सांगा, मच्छीमारांसाठीचा इशारा रेडिओवर कसा येतो? "ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने वारे वाहतील, झोताचा वेग ६५ पर्यंत जाईल." पावसाळाभर हेच आकडे. ते वाचून दाखवणाऱ्यांना या किनाऱ्यावर ४५चा वारा म्हणजे काय हे पाठ आहे. शेजारी सिंधुदुर्ग किल्ला साडेतीनशे वर्षं तोच वारा खात उभा आहे. मग ते विधान जसंच्या तसं वाचताना पुढे एक साधा प्रश्न का जोडता येत नाही? मालवणच्या दांडी किनाऱ्यावर जाळं ओढणाऱ्या कुठल्याही रापणकराला विचारलं असतं, त्याने सांगितलं असतं. माझ्या राजाचा पुतळा पडला आणि मला वाऱ्याचा आकडा ऐकवला, याची चीड अजून गेलेली नाही.

आता लगेच कोणीतरी मला एका पक्षाचा ठरवणार. ठरवा. मग मागचंही ऐका. आणीबाणीत, १९७६ साली, किशोरकुमारची गाणी आकाशवाणीवर बंद झाली, कारण तो सरकारी कार्यक्रमात गायला तयार नव्हता. १९७७च्या प्रचारात दिल्लीत विरोधकांची मोठी सभा होती, तर लोक घरी बसावेत म्हणून दूरदर्शनने त्या संध्याकाळी 'बॉबी' लावला. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिराजींना सकाळी गोळ्या लागल्या, आणि लोकांना त्या गेल्याची बातमी बीबीसीवर आधी मिळाली, आपल्या आकाशवाणीवर संध्याकाळी. २०१४च्या निवडणुकीत नरेंद्र मोदींच्या दूरदर्शनवरच्या मुलाखतीतला भाग कापला गेला, तेव्हा सत्तेत काँग्रेस होती आणि भाजपने आकाशपाताळ एक केलं. बरोबरच केलं! पण मग ज्याच्यावर कात्री चालली त्याने सत्तेत आल्यावर ती मोडायला हवी होती. झालं काय? १५ ऑगस्ट २०१७ ला त्रिपुराचे मुख्यमंत्री माणिक सरकार यांनी भाषण बदलायला नकार दिला, म्हणून ते प्रसारितच झालं नाही. एका निवडून आलेल्या मुख्यमंत्र्याचं, स्वातंत्र्यदिनाचं भाषण. २०२४च्या निवडणुकीत मान्यताप्राप्त पक्षांना जो फुकट वेळ मिळतो, त्यातही माकपच्या सीताराम येचुरींच्या भाषणातले शब्द काढायला लावले. त्याच वर्षी दूरदर्शनच्या वृत्तवाहिनीचं बोधचिन्ह भगवं झालं, तर प्रसार भारतीचे माजी मुख्य कार्यकारी अधिकारीच त्यावर तुटून पडले. रंगाचं मला तितकं वाटत नाही. मला माणिक सरकारांच्या भाषणाचं वाटतं आणि काकीच्या आवाजाचं वाटतं.

हे सुधारत का नाही, तेही गुपित नाही. संस्था कागदावर स्वायत्त, पण पगाराचे पैसे केंद्राच्या तिजोरीतून. वृत्तविभागातले वरिष्ठ बहुतेक भारतीय माहिती सेवेचे अधिकारी, म्हणजे आज बातमी ठरवणारा उद्या मंत्रालयाची प्रसिद्धी सांभाळायला जाऊ शकतो. तो कोणाला दुखवेल? जिल्ह्यात अंशकालीन वार्ताहर, तुटपुंजं मानधन, स्वतःच्या दुचाकीत स्वतःचं पेट्रोल. माहिती कार्यालयाची प्रेसनोट आयती हातात पडते, पुढे धाडली की काम झालं. त्या पोरावर माझा राग नाही. त्याने काकीचा आवाज पाठवलाही असेल. वर बसून तो पुसणाऱ्यावर आहे.

"खाजगी चॅनेलं काय धुतल्या तांदळाची आहेत का?" नाहीत, अजिबात नाहीत, रात्री नऊला तिथे जो कोंबडबाजार भरतो तो मी लावतही नाही. पण त्यांच्यावर कलम १२ नाही. त्यांना मी कराचे पैसे देत नाही. आणि तौक्तेच्या रात्री आमची माणसं त्यांच्या भरवशावर बसली नव्हती.

बंधाऱ्याच्या दुरुस्तीचं टेंडर निघालंय म्हणतात. म्हणजे परत नारळ, परत हार, परत कॅमेरा. या वेळी वाडीची बैठक झाली आणि आम्ही ठरवलंय. काकी बोलणार, आणि तिचं बोलणं आमची पोरं शेजारी उभी राहून पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोबाइलवर रेकॉर्ड करणार. संध्याकाळी बातमीत त्यातलं काय आलं आणि काय पुसलं, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून तक्रार जाईल, या वेळी माहिती अधिकाराचा अर्ज जोडून. कोणी कापलं त्याचं नाव आम्हाला हवं आहे. आणि आवाज लावायचाच नसेल, तर आमच्या बायकामाणसांची तोंडं तुमच्या मंत्र्याच्या बातमीखाली दाखवायची नाहीत.