विद्यापीठ आलं की परिसर 'आपोआप' सुधारतो?

विद्यापीठांनी शेजारच्या वस्त्यांसाठी काय करावं, हा विषय निघाला की एक मजकूर हटकून फॉरवर्ड होतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: विद्यापीठ आलं की परिसर आपोआप सुधारतो, उरलंसुरलं एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजनेची) शिबिरं करतात, आणि याहून जास्त करायला पैसा नाही.

आधी ते 'आपोआप' पाहू. टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९५४ पासून देवनारला आहे. देवनार ज्यात येतं, त्या एम-पूर्व वॉर्डाचा मानव विकास निर्देशांक (० ते १च्या मापावर) मुंबईच्या २००९च्या अहवालात ०.०५ होता, शहरात सर्वांत कमी. देवनारची कचराभूमी काही संस्थेनं आणलेली नाही, हे मान्य. पण अर्ध्या शतकाच्या शेजारानं आपोआप काही घडलं नाही. २०११मध्ये संस्थेला या वॉर्डासाठी मुद्दाम वेगळा प्रकल्प हाती घ्यावा लागला.

फिलाडेल्फियातल्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाजवळ तर उलटंच झालं. १९६०च्या दशकात विद्यापीठांच्या सोयीच्या 'पुनर्विकासा'त ब्लॅक बॉटम ही कृष्णवर्णीयांची वस्ती उठली. पुढे २००१मध्ये विद्यापीठानं शहराच्या शाळाखात्याबरोबर एक सरकारी शाळा उभी केली. शाळा उत्तम निघाली आणि तिच्या हद्दीतल्या घरांचे भाव चढले. घर स्वतःचं असेल त्याची चांदी. भाडेकरूचा विचार आधीच केला नाही, तर चांगली शाळाही त्याला हुसकावते.

'शिबिरं आहेत ना' हा मुद्दा पटकन पटतो, म्हणूनच जास्त फसवा. एनएसएस १९६९पासून चालू आहे: दोन वर्षांत २४० तासांचं काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. योजनेत खोट नाही, खोट वेळापत्रकात आहे. शिबिरं बहुधा डिसेंबर-जानेवारीत होतात, कारण तेव्हा सत्रपरीक्षा संपलेल्या असतात. तेव्हा विहिरीला पाणी असतं, टँकर दिसत नाही. वनराई बंधारा, म्हणजे ओढ्यात गोण्या रचून केलेला बांध, घालायचा तो पाऊस सरता सरता, ओढ्याला धार असताना. जानेवारीत गोण्या भरून घातलेला बंधारा फोटोपुरता. तेव्हा लावलेल्या रोपांना तर पाणी घालणारंच कुणी नसतं.

नव्या पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्पाला, म्हणजे वर्गाबाहेरच्या प्रत्यक्ष कामाला, दोन क्रेडिट मिळतात, म्हणजे साधारण ६० तास. ते सलग न उडवता सत्रभर पसरा आणि दरवर्षी नवं गाव धरू नका. समजा, नळाचं पाणी हा विषय घेतला. ग्रामपंचायतीकडून नळयोजनेचा नकाशा घ्यायचा. मग दर पंधरवड्याला टाकीजवळच्या, मधल्या आणि अगदी शेवटच्या नळावर ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का याची तपासणी, करायची. नमुन्यात थेंब टाकले की पिवळा रंग यायला हवा. नळाशी उरलेलं क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम लागतं. टाकीजवळच रंग येत नसेल तर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) कमी पडतंय, किंवा गोणी उघडी राहून त्यातलं क्लोरीन उडून गेलंय (ताज्या पावडरीत ते ३३ टक्क्यांच्या आसपास असतं, २०च्या खाली गेलं की ती टाकून द्यायची). टाकीजवळ पिवळं आणि शेवटच्या नळाला रंगच नाही, असं असेल तर वाटेत गळती शोधा. पुरवठा बंद असताना पाइपात तिथूनच गटाराचं पाणी शिरतं. हे तक्ते कॉलेजच्या फायलीत ठेवून काय उपयोग? ते २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचायचे, आणि पुढच्या तुकडीनं त्याच नळांवरून पुढे चालू ठेवायचं. सात दिवसांच्या शिबिरात यातलं काहीच बसत नाही, कारण एका चाचणीनं काही कळत नाही.

राहिला पैसा. मैदान आणि वाचनालय ठरावीक तास वस्तीतल्या मुलांना खुलं करायला पहारेकऱ्याच्या पगाराइतका खर्च येतो. मोठा पैसा विद्यापीठ तसाही खर्च करतं: मेस, कँटीन, शिवणकाम, साफसफाई. अडतं ते निविदेच्या अटींवर. तीन वर्षांची उलाढाल आणि भरभक्कम अनामत मागितली की बचत गट दारातच गळतो. पूर्ण मेसऐवजी फक्त पोळ्यांचं काम वेगळं काढलं, तर गट ते पेलू शकतो. पण बिल १५ दिवसांत निघालं पाहिजे. तीन महिने थकलं की किराणावाला उधारी बंद करतो, गट काम सोडतो आणि 'स्थानिकांना जमत नाही' असा शेरा फायलीवर पडतो.