डिस्क ब्रेक म्हणजे चाकातली सुरी? आरोप आणि वस्तुस्थिती

रोड सायकल घ्यायला निघालेल्या माणसाला कुणी ना कुणी हे ऐकवतंच: "डिस्क ब्रेक घेऊ नका. ती चाकात बसवलेली सुरी आहे. युरोपातल्या शर्यतीत एकाचा पाय हाडापर्यंत कापला, म्हणून तर बंदी आली. शिवाय तो इतका जोरात लागतो की मागचा येऊन आदळतो. आणि घाटात तापला की संपलंच." डिस्क ब्रेकमध्ये चाकाच्या मध्याशी एक पातळ धातूची चकती, म्हणजे रोटर, असते आणि पॅड तिला चिमटीत धरून चाक थांबवतात; रिम ब्रेकमध्ये पॅड थेट चाकाच्या कडेला, म्हणजे रिमला, धरतात. वरच्या आरोपांतल्या शेवटच्या वाक्यात तथ्य आहे, बाकीच्यांत फारसं नाही. आणि डिस्कच्या शेजारच्या ज्या एका भागामुळे खरोखर माणूस कायमचा जायबंदी झाला, त्याचा उल्लेख या सगळ्यात कुठेच नसतो.

आधी पाय कापल्याचं. १० एप्रिल २०१६ ला उत्तर फ्रान्समध्ये पॅरिस-रुबे शर्यत झाली. दगडी फरसबंदीचे पट्टे, धूळ आणि पडापडी यांसाठीच ही शर्यत प्रसिद्ध आहे. त्या वर्षी यूसीआय, म्हणजे सायकलिंगची जागतिक संघटना, रस्त्यावरच्या शर्यतींत डिस्क ब्रेकची चाचणी घेत होती आणि मोजक्याच स्वारांकडे ते होते. मोव्हीस्टार संघाच्या फ्रान्सिस्को व्हेंतोसोच्या डाव्या नडगीला खोल जखम झाली. त्याने खुलं पत्र लिहून डिस्कला दोष दिला. स्वारांच्या संघटनेने आग्रह धरला आणि काही दिवसांतच यूसीआयने चाचणी थांबवली. "बंदी" म्हणतात ती एवढीच: चालू चाचणीला दिलेली स्थगिती.

जखम खरी होती, वाईट होती, आणि साथीदारांसाठी आवाज उठवणं हा व्हेंतोसोचा हक्कच होता. पण त्याचं पत्र नीट वाचलं तर एक गोष्ट लक्षात येते. तो पडला नव्हता. पुढच्या सायकलीच्या मागच्या भागाला त्याचा पाय लागला, तो तसाच पुढे गेला आणि जखम थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आली. म्हणजे डिस्कने कापलं, हे त्याने पाहिलेलं नव्हतं, तो त्याचा अंदाज होता. तशा धडकेत स्पोक असतात, अ‍ॅक्सलची टोकं असतात, शेजारच्या सायकलीच्या चेनरिंगचे दात असतात. पुढे सायकल उद्योगाच्या संघटनेने न्यायवैद्यक तज्ज्ञाचा हवाला देऊन ही जखम डिस्कची नाही असं जाहीर केलं. माल विकणाऱ्यांचाच तो शब्द, म्हणून मी त्यावर भिस्त ठेवत नाही. माझी भिस्त नंतरच्या वर्षांवर आहे.

जानेवारी २०१७ मध्ये चाचणी पुन्हा सुरू झाली, आता रोटरच्या कडा गोलसर करून. पुढच्याच महिन्यात अबुधाबीच्या शर्यतीत ओवेन डूल या स्वाराचा बूट फाटला आणि त्याने मार्सेल किटेल या दुसऱ्या स्वाराच्या डिस्ककडे बोट दाखवलं. त्या पडापडीत रस्त्याकडेचे लोखंडी कठडेही होते, त्यामुळे तोही प्रश्न अनिर्णित राहिला. १ जुलै २०१८ पासून यूसीआयने डिस्कला कायमची परवानगी दिली आणि आज मोठ्या शर्यतींत जवळपास सगळे तेच वापरतात. टूर द फ्रान्समध्ये २२ संघ आणि प्रत्येकी ८ स्वार धरले तर १७६ सायकली होतात, म्हणजे ३५२ रोटर. तिथे माणसं ढिगाने पडतात. चिखलातल्या सायक्लोक्रॉस शर्यतींत तर २०१० पासूनच डिस्कला मुभा आहे. सुरीचा आरोप खरा असता तर एव्हाना कापलेल्या पायांची रांग लागली असती. ती लागलेली नाही.

रोटर निरुपद्रवी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. सायकल स्टँडवर लावून चाक फिरवत पुसताना त्याच्या भोकांत बोट गेलं तर गंभीर इजा होते. घाट उतरल्यावर लगेच हात लावला तर भाजतं.

आता त्या दुर्लक्षित भागाकडे. एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकेत ट्रेक कंपनीने सुमारे ९ लाख सायकली दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. पुढच्या चाकाच्या क्विक रिलीजची (चाक अवजाराशिवाय काढता-बसवता यावं म्हणून असलेल्या आवळणीची) दांडी नीट आवळलेली नसेल तर ती जास्त उघडून रोटरमध्ये अडकू शकत होती. अडकली की चाक जागच्या जागी थांबतं आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. अशा एका अपघातात एकाचे हातपाय कायमचे लुळे पडले. नव्या रोड सायकलींत थ्रू-अ‍ॅक्सल (क्विक रिलीजच्या जागी चाकातून आरपार जाऊन आट्यांनी बसणारा दांडा) आल्याने हा धोका गेला, पण डिस्क आणि क्विक रिलीज अशी जोडी असलेल्या स्वस्त आणि जुन्या सायकली आपल्याकडे भरपूर आहेत. तुमची तशी असेल तर दांडी पूर्ण उघडून पाहा. ती आणि रोटर यांच्यामध्ये पेन्सिल जाईल एवढी जागा राहिली पाहिजे. नसेल तर क्विक रिलीज आजच बदला. पाय कापल्याची गोष्ट हजार वेळा सांगितली जाते आणि ही एकदाही नाही, याची मला खरोखर चीड येते.

"मागचा आदळेल" हा मुद्दा थोडक्यात संपतो. कोरड्या रस्त्यावर सायकल किती लवकर थांबेल, हे टायरची पकड आणि मागचं चाक उचललं जाण्याची मर्यादा ठरवतात. चांगला रिम ब्रेकही त्या मर्यादेपर्यंत पोचतो. ताशी ४० किलोमीटरला प्रतिसाद द्यायला एक सेकंद लागला तर तेवढ्यात ११ मीटर जातात. पुढच्याच्या चाकाला चिकटून चालवणाऱ्याला ब्रेकचा प्रकार वाचवत नाही.

तापण्याचा मुद्दा मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना १,२०० मीटरहून जास्त उंची संपते. सायकलीसह ८० किलो वजन धरलं तर ही साधारण साडेनऊ लाख ज्यूल ऊर्जा झाली. बराच वाटा हवा खाते, पण वळणावळणांवर उरलेला ब्रेककडेच येतो आणि रोटर असतो जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅमचा. ब्रेक सतत हलका दाबून ठेवला तर रोटर निळा पडतो, पॅड गुळगुळीत होतात, हायड्रॉलिक ब्रेक असेल तर त्याच्या नळीतलं ऑइल उकळू शकतं. टूर द फ्रान्स जिंकलेल्या क्रिस फ्रूमनेही २०२१ मध्ये लांब उतारांवर रोटर वाकतो आणि घासतो अशी जाहीर तक्रार केली होती. यावर उपाय आहे: वळणाआधी जोरात ब्रेक लावायचा, मग पूर्ण सोडायचा. वजन जास्त असेल तर १४० ऐवजी १६० मिलिमीटरचा रोटर घ्यायचा, फ्रेम आणि फोर्कला चालत असेल तर. पण हीच उष्णता रिम ब्रेकमध्ये कुठे जाते, हे आरोप करणारे सांगत नाहीत. ती रिममध्ये जाते, ट्यूबच्या अगदी शेजारी. उतारावर ट्यूब फुटते, कार्बन रिममधली राळ (रेझिन) मऊ पडून रिम बिघडते.

शिवाय आपला पाऊस. ओली रिम आधी पुसली जाते आणि मग ब्रेक धरतो. या मधल्या काळात सायकल चालतच राहते, आणि जुन्या क्रोमच्या लोखंडी रिमवर तर ब्रेक जवळजवळ लागतच नाही. कोकणातल्या घाटांत लाल चिखलाची कचकच पॅडमध्ये अडकून अ‍ॅल्युमिनियमची रिम खरवडते. बाजूची भिंत पातळ होत होत एक दिवस फुटते. डिस्क रस्त्यापासून उंच असते, तिला पाणी कमी लागतं आणि पॅड झिजले तरी चाक शाबूत राहतं. जून ते सप्टेंबर ताम्हिणी किंवा वरंध घाटात सायकल चालवणाऱ्याला मी डिस्कच घ्यायला सांगेन, कचरत नाही.

फक्त बाजारातला प्रत्येक डिस्क ब्रेक सारखा नसतो. केबलवर चालणाऱ्या बऱ्याच स्वस्त डिस्कमध्ये एकच पॅड हलतो आणि झिजेल तसा तो हाताने आत घ्यावा लागतो. कुणी घेत नाही, आणि लिव्हर हँडलला टेकेपर्यंत दाबावा लागतो. चेनला तेल फवारताना ते रोटरवर उडालं तर ब्रेक नुसता किंचाळतो, धरत नाही. अशा डिस्कपेक्षा नीट जुळवलेला रिम ब्रेक केव्हाही बरा. तुमच्याकडे तो असेल आणि पावसात घाट उतरायचे नसतील, तर सायकल बदलायचं काही कारण नाही.